बावतीसची राखाडी बटणं

बावतीसचा विषय निघाला की मी चहा मागवायचो. कोणी विचारायचं, "तुमच्याकडे तो गास गावचा बावतीस होता ना, त्याचं पुढे काय झालं?" मग मी उठून दारातून चहा सांगायचो, आणि चहा येईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. कोणी फारच नेट धरला तर माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "हुशार होता, पण नवं काही शिकायला तयार नव्हता." हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे, की आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांत बावतीसची तेवढीच ओळख उरली आहे. ते वाक्य खोटं आहे. पहिल्यांदा बोललो तेव्हाही ते खोटं आहे हे मला माहीत होतं. आता मला शहात्तरावं लागलं आहे, कंपनी बंद करून सहा वर्षं झाली, आणि बावतीस गेला. त्याच्याबद्दल खरं सांगू शकतील अशी माझ्याशिवाय एक-दोनच माणसं आहेत, आणि ती बोलणार नाहीत. म्हणून मी लिहितो आहे.

गोखिवऱ्याला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खालच्या गाळ्यात स्प्रिंगा बनायच्या, वर आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. रक्त तपासल्यावर जो छापील रिपोर्ट आपल्या हातात पडतो, तो तयार करणारा प्रोग्राम. विरारपासून नायगावपर्यंतच्या बऱ्याच छोट्या लॅबमध्ये तो चालायचा. गिऱ्हाइकं मी आणायचो आणि प्रोग्राम बावतीस लिहायचा. पुढे माणसं वाढली, सात-आठ झाली, पण पहिली कितीतरी वर्षं आम्ही दोघंच होतो.

बावतीस उंच, किडकिडीत, खांद्यात थोडा वाकलेला. घरी केळीची वाडी होती. पहाटे वाडीला पाणी लावून, चर्चमध्ये मिस्सा करून तो सायकलने गोखिवऱ्याला यायचा आणि सगळ्यांच्या आधी गाळा उघडायचा. घरी ते आपल्या गावची बोली बोलत, ती मला अर्धीच कळायची. ऑफिसात तो आमच्यासारखं बोलायचा, पण 'पण'चं 'पन' आणि 'कोण'चं 'कोन' त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याला रागावलेला मी दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा कोणीतरी लॅबमधल्या बाईला "तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही" असं म्हणालं होतं. "त्यांना येतं," तो म्हणाला होता, "आपल्याला सोपं करता आलेलं नाय."

त्याच्या टेबलाच्या खणात रबरी हातमोज्यांचा खोका असायचा. लॅबमध्ये वापरतात तसले. नवा फॉर्म तयार झाला की तो हातमोजे चढवून टाइप करायला बसायचा. नव्याने लागलेली माणसं हसायची. तो म्हणायचा, "ती बाई रक्ताच्या नळ्या हातात धरून बसलेली असते. तिने माउस कुठे शोधायचा? माउसला मोजा चिकटतो." म्हणून आमचा सगळा प्रोग्राम नुसत्या कीबोर्डवर चालायचा. टॅब, टॅब, आकडा, एंटर.

तुळिंजच्या बाजारात एका दवाखान्याच्या वर आमची सर्वांत जुनी लॅब होती. तिथे सुनंदाबाई नावाच्या टेक्निशियन होत्या, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. कुठलाही बदल करायचा झाला की बावतीस तो आधी तुळिंजला न्यायचा. सुनंदाबाईंच्या मागे स्टुलावर बसायचा आणि अक्षर बोलायचा नाही. खिशात चिंचोके असायचे. त्यांचा हात कीबोर्डवरून उठला, किंवा बोट मध्येच अडलं, की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. तासाभराने उजव्या खिशातले चिंचोके मोजायचे. पाचाच्या वर गेले तर काम परत. सुनंदाबाई त्याला म्हणायच्या, "बावतीस, तुझ्यासारखा मुका पाहुणा देव सगळ्यांना देवो. पण जाताना चहाचा कप धुऊन ठेव." आणि तो खरंच धुऊन ठेवायचा. आमच्याकडे याला 'तुळिंजची चाचणी' म्हणत. जे तुळिंजला नापास झालं ते कधीच बाहेर गेलं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

एकदा भर दुपारी सुनंदाबाईंचा फोन आला. मॉनिटर काळा पडला होता, संगणक चालू होता, आणि खाली दवाखान्यात एक बाळंतीण अडली होती, तिचा रिपोर्ट डॉक्टरांना लगेच हवा होता. बावतीसने फोन कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले.

"घाबरू नका, बाई. कुठपर्यंत आला होतात?"

"नाव घातलं होतं. पुढचं काही नाही."

"मग टॅब करा. वय. पुन्हा टॅब. आता हिमोग्लोबिन. आकडा घाला. घातलात?"

"घातला. तू समोर बसल्यासारखा बोलतोस."

"बसलोच हाय. आता तीनदा टॅब."

बावीस रकाने त्याने डोळे मिटून पार केले, आणि शेवटी "आता एंटर, छापेल बघा" म्हणाला. पलीकडे प्रिंटरचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी बायकोला हा प्रसंग सांगितला तो असा, की "आम्ही" फोनवरून रिपोर्ट छापून दिला.

आता डोळ्यांबद्दल.

त्या वर्षी हिवाळ्यात ऑफिसची सहल कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावर नेली होती. पोरं वाळूत क्रिकेट खेळत होती. बावतीस मला म्हणाला, "चला सर, चालून येऊ." पाण्याच्या कडेने बरंच लांब गेल्यावर तो थांबला.

"समोर होड्या किती हायत, सर?"

मी मोजल्या. "सात."

"मला दोन दिसतात," तो म्हणाला. "मान फिरवली की दुसऱ्या दोन. सगळ्या एकदम नाय दिसत. बापाला पन हेच होतं. तो शेवटी विहिरीवर दोरीला धरून जायचा."

त्याने मग सगळं नीट सांगितलं, लॅबचा रिपोर्ट सांगावा तसं. कडेने नजर आत आत येत चालली आहे. डॉक्टर म्हणतात तीन वर्षं, फार तर चार. औषध नाही. सायकल त्याने महिन्यापूर्वीच सोडली होती. मला वाटलं होतं गुडघा दुखतो. जेसिंताला, म्हणजे त्याच्या बायकोला, माहीत आहे आणि आता मला. इतर कोणाला नको.

मी पहिला प्रश्न विचारला तो हा: "मग काम?"

त्यालाही बहुतेक तोच अपेक्षित होता. त्याने खिशातून एका कानात घालायचा इयरफोन काढून दाखवला. ऑफिसात तो सतत त्याच्या कानात असायचा आणि आम्हाला वाटायचं गाणी ऐकतो. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, आंधळी माणसं वापरतात. तो त्याने वर्षभर आधीच शिकून घेतला होता. "आत्ताच मी अर्धं ऐकूनच करतो," तो म्हणाला. "तुम्हाला कुठे चूक दिसली का? नाय ना? पूर्ण गेलं तरी काम होईल. फक्त एक हाय. टूलकिट बदलायची वेळ आली तर मला विचारा."

हे थोडं समजावून सांगायला हवं. पडद्यावरची बटणं, रकाने, याद्या कोणी मुळापासून घडवत बसत नाही. त्यांचा तयार संच मिळतो, त्याला टूलकिट म्हणतात. गवंडी दारं-खिडक्या तयार आणतो तसं. एकदा एक संच निवडला की अख्खा प्रोग्राम त्याच्या मापाने बांधला जातो आणि मग पुढची दहा वर्षं त्यातून सुटका नसते. आमचा संच जुना होता. तो संगणकाच्या अंगचीच बटणं वापरायचा. राखाडी, चौकोनी, कचेरीतल्या कपाटासारखी. नवे संच निघाले होते ते सगळं स्वतःच रंगवतात. गोल कडा, सावल्या, सरकत येणाऱ्या याद्या. देखणे. पण अंगच्या बटणाला आतून नाव असतं. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने विचारलं, तू कोण, तर ते सांगतं, मी 'जतन करा'. आम्ही बघत होतो त्या संचातलं रंगवलेलं बटण म्हणजे नुसतं चित्र. त्याला विचारलं तर ते गप्प. कोणीतरी बसून एकेका बटणाला नाव दिलं तरच ते बोलतं.

म्हणजे बावतीसचं उरलेलं कामाचं आयुष्य त्या राखाडी बटणांवर उभं होतं, आणि ते त्याने मला कळंबच्या वाळूत उभं राहून सांगितलं. मी म्हणालो, "तुला विचारल्याशिवाय काही बदलणार नाही. शब्द देतो." तो म्हणाला, "बस्स, सर." मग आम्ही जेवायला परतलो. परत येताना तो माझ्या अर्धं पाऊल मागे चालत होता, माझ्या पावलांच्या आवाजावर.

दीड वर्षाने मी तो शब्द मोडला.

कारणं सांगताना मी नेहमी म्हणायचो, की गिऱ्हाइकं कुरकुर करत होती. ते खरं आहे. लॅबचे नवे मालक तरुण होते, त्यांना रंगीत पडदा हवा होता. दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम चकचकीत दिसायचे आणि आमचा दिसायचा पंचनाम्यासारखा. पण एवढंच कारण असतं तर मी बावतीसशी बोललो असतो. खरं कारण वेगळं होतं. फोन आला की गिऱ्हाईक माझं नाव घेत नसे. "बावतीस आहेत का?" असं विचारे. मी मालक. मी फोन उचलला की लोक म्हणत, "जरा बावतीसना द्या." पंधरा-सतरा वर्षं मी हे ऐकत होतो. आणि आता हा माणूस आंधळा होणार, माझ्या ऑफिसात चाचपडत फिरणार, लोक त्याला हात देणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार की बघा, दिसत नाही तरी कंपनी हाच चालवतो. ते मला नको होतं. त्याला काढून टाकण्याची मला हिंमत नव्हती. तो आपणहून गेला पाहिजे, असं मला वाटत होतं. असं मी तेव्हा मनातसुद्धा शब्दांत मांडलं नव्हतं. पण त्याप्रमाणे वागत मात्र होतो.

प्राजक्ता नावाची विरारची एक मुलगी तेव्हा आमच्याकडे नवी लागली होती. हुशार, बोलायला घाई, निम्मं हिंदी निम्मं मराठी. तिला मी रंगीत संचात एक फॉर्म करायला सांगितलं. बावतीसला सांगितलं नाही. मग थेट सगळ्यांची मीटिंग बोलावली आणि म्हणालो, दोन्ही बाजू मांडा.

बावतीसने दोन पानं लिहून आणली होती. तीन संच त्याने तपासले होते. जुन्या संगणकावर उघडायला किती वेळ, मराठी जोडाक्षरं नीट बसतात का, हातमोजे घालून चालतो का, संच बनवणारे लोक किती वर्षं टिकतील, आणि शेवटी, वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला समजतो का. स्वतःबद्दल एक शब्द नव्हता. तो बोलत असताना मी त्याचे कागद उलटसुलट करून बघत होतो. तो शेवटच्या मुद्द्यावर आला तेव्हा मी म्हणालो, "एक सांग, बावतीस. आपल्या गिऱ्हाइकांत आंधळे किती आहेत?"

सगळे हसले. कोणाला काही ठाऊक नव्हतं, त्यांचा दोष नाही. बावतीसने माझ्याकडे मान वळवली. त्याला माझा चेहरा सापडायला एक क्षण लागला.

"आज एकही नाय," तो म्हणाला.

"मग झालं तर."

"सर, तुळिंजला नेऊ. दोन्ही फॉर्म नेऊ. बाई काय म्हणतात ते बघू."

"सुनंदाबाई ही कंपनी चालवत नाहीत," मी म्हणालो.

त्याने कागद गोळा केले. दोन पानं, पण ती नीट जुळवायला त्याला वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे बघत बसलो.

आठवड्याभरात प्राजक्ता माझ्या केबिनमध्ये आली. दार लावून घेतलं.

"सर, बावतीस सर इयरफोनवर काय ऐकतात ते मला कळलं."

"काय?"

"गाणी नाही ऐकत. सर, त्यांना बहुतेक नीट दिसत नाही. तुम्हाला माहितीये?"

"नाही," मी म्हणालो.

"मी चेक केलं. आपण घेतोय त्या टूलकिटमध्ये पण होतं ते. प्रत्येक बटणाला नाव द्यायला लागतं, बस. आठ-दहा दिवसांचं काम आहे. मी करते, शनिवार-रविवारी करते."

"दिवाळीच्या आत लोकांना दाखवायचंय. नाही त्या गोष्टीत वेळ घालवू नकोस."

"सर, पण फक्त आठ दिवस..."

"प्राजक्ता," मी म्हणालो, "तू इथे नवीन आहेस."

आठ दिवस. ती जे म्हणाली ते खरं होतं. मी नंतर दुसऱ्या जाणकाराला विचारून खात्री करून घेतली होती. अडचण टूलकिटची नव्हती.

वसईत एक हॉल घेतला. तीस-चाळीस लॅबवाले बोलावले, मोठा पडदा लावला. बावतीस शेवटच्या रांगेत बसला होता. त्या काही आठवड्यांत त्याने नवा फॉर्म पाठ केला होता हे मला प्राजक्ताकडून कळलं होतं. नव्या फॉर्मवर कानातला आवाज गप्प होता, म्हणून त्याने रकाने मोजून ठेवले होते, कितव्या टॅबला काय. त्याच दिवशी सकाळी मी प्राजक्ताला 'जतन करा'चं बटण खालून उचलून वर न्यायला सांगितलं आणि त्याच्या जागी 'पुसून टाका' ठेवायला लावलं. वर जास्त शोभतं, असं मी म्हणालो. ते मी सहज सांगितलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते सहज नव्हतं.

प्राजक्ता दाखवायला उठली तेव्हा मी तिला बसवलं आणि माइकवर म्हणालो, "हा प्रोग्राम किती सोपा आहे ते आमचे सर्वांत जुने सहकारी दाखवतील. बावतीस, ये."

तो खुर्च्यांच्या पाठींना हात लावत पुढे आला. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "सर, मी नको."

"का? काही अडचण आहे का?" मी माइक न हटवता विचारलं.

सगळ्या हॉलने ते ऐकलं. तो काय सांगणार होता? कोणाला सांगायचं नाही असं त्यानेच माझ्याकडून वदवून घेतलं होतं. तो संगणकापुढे बसला.

सुरुवात त्याने छान केली. नाव, वय, हिमोग्लोबिन, बोटं सरसर चालली. लोक कौतुकाने बघत होते. बाविसावा आकडा घालून त्याने टॅब मोजले आणि एंटर मारलं. मोठ्या पडद्यावरचा सगळा रिपोर्ट पुसला गेला. फक्त त्याला ते दिसलं नाही. तो मागे रेलला आणि म्हणाला, "झालं जतन."

हॉलमध्ये हशा पिकला. त्याने पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं, मान डावीकडून उजवीकडे फिरवली, मग उजवीकडून डावीकडे. माउसचा बाण हरवला होता, तो शोधत होता. कोणीतरी ओरडलं, "साहेब, चष्मा घरी राहिला काय?"

मी माइकवर म्हणालो, "चष्म्याचं काही नाही हो. काही लोकांना नवं दिसतच नाही."

याच्यावर सर्वांत मोठा हशा झाला. हसणाऱ्यांना वाटलं मी त्याच्या वयाबद्दल बोलतो आहे. मी कशाबद्दल बोललो ते त्या हॉलमध्ये दोघांनाच कळलं. बावतीस ज्या दिशेने माझा आवाज आला तिकडे बघत होता. प्राजक्ता जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मग त्याने तिच्या मनगटाला धरलं आणि दोघं बाहेर गेली. दुसऱ्या रांगेतून सुनंदाबाई उठल्या. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "तुमचा प्रोग्राम तुम्हीच वापरा." आणि त्याही गेल्या. त्या दिवशी बाकीच्या बहुतेक लॅबनी मात्र नव्या प्रोग्रामला होकार दिला.

सोमवारी बावतीस नेहमीच्या वेळी आला. जेसिंता त्याला जिन्यापर्यंत सोडून गेली. राजीनामा त्याने दोन ओळींत लिहिला होता. त्यानंतर महिनाभर तो रोज येत राहिला आणि जुन्या प्रोग्रामची एकेक गोष्ट प्राजक्ताला समजावून दिली. कुठे काय ठेवलं आहे, कुठल्या लॅबची काय खोड आहे. हातमोज्यांचा खोकाही तिलाच दिला. शेवटच्या दिवशी तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला.

"मला विचाराल म्हणाला होतात, सर."

"मीटिंग घेतली होती की," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "मीटिंग झाली." मग जिना उतरला. अठरा पायऱ्या होत्या. मी मोजत होतो. मध्ये कुठे तो अडखळला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे होतं. दोन महिन्यांनी अंधेरीच्या एका कंपनीतून फोन आला. बावतीसने तिकडे अर्ज केला होता, आणि डोळ्यांचं सगळं त्याने अर्जातच लिहिलं होतं. त्यांना त्याची अडचण वाटत नव्हती. त्यांना फक्त माणूस कसा आहे हे जाणून घ्यायचं होतं. तेव्हा मी ते वाक्य पहिल्यांदा बोललो. "हुशार आहे, पण नवं काही शिकायला तयार नसतो." पलीकडचा गृहस्थ "बरं, बरं" म्हणाला आणि माझे आभार मानले. बावतीसला ती नोकरी मिळाली नाही. त्यानंतर त्याने कुठे अर्ज केला नाही.

प्राजक्ता वर्षभरात सोडून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सर, तुम्हाला माहिती होतं." तिने ते विचारलं नव्हतं. चार-पाच वर्षांनी तो रंगीत संच बनवणाऱ्यांनी त्यावरचं काम थांबवलं आणि आम्हाला सगळा प्रोग्राम पुन्हा लिहावा लागला. बावतीसच्या दोन पानांत तेही होतं.

त्याच्याकडे मी तीनदा गेलो. पहिल्यांदा रिक्षा गासच्या चर्चपाशी थांबवली आणि तिथूनच परत फिरवली. दुसऱ्यांदा घरापर्यंत पोचलो. अंगणात लग्नाचा मांडव होता, मुलीचं लग्न असावं, तेव्हा आत जाणं बरं दिसलं नसतं असं ठरवून परतलो. तिसरी खेप गेल्या वर्षीची. कंपनी केव्हाच बंद झाली होती. सकाळचे दहा वाजले असतील. जेसिंता बाजारात गेलेली असावी. बावतीस ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता आणि मांडीवर टोपली घेऊन वालाच्या शेंगा सोलत होता. केस पूर्ण पांढरे झालेले. दाणे एका भांड्यात, टरफलं दुसऱ्यात, एकही खाली पडत नव्हता. डोळे उघडे होते आणि ते वाडीच्या बाजूला लागलेले होते.

काय बोलायचं ते मी रिक्षात पाठ केलं होतं. फाटकाची कडी वाजली.

"कोन?" तो म्हणाला.

मी फाटकात उभा होतो. त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर. त्याने पुन्हा विचारलं, "कोन हाय?"

"मीटर बघायला आलोय," मी म्हणालो. "लाइटचा."

असं का बोललो ते मला आजही सांगता येणार नाही. तोंडातून आलं ते असं आलं.

त्याचे हात थांबले. मग त्याने एक शेंग उचलली. "मीटर मागच्या बाजूला हाय. कुत्रा बांधलेला हाय, भुंकेल, पन काय करनार नाय. जा."

आणि मी गेलो. घराला वळसा घालून मागे गेलो, भिंतीवरच्या मीटरसमोर उभा राहिलो, आणि खिशातून पेन काढून तळहातावर आकडा लिहून घेतला. कुत्रा भुंकत होता. मी परत पुढे आलो.

"किती झालं?" त्याने विचारलं.

मी तळहातावर बघून आकडा सांगितला.

"आकडे बारीक असतात त्याचे. दिसले ना नीट?"

"दिसले."

"बरं," तो म्हणाला, आणि शेंगा सोलू लागला. मी फाटक लावलं. रस्त्याच्या वळणावरून मागे बघितलं तेव्हा तो तसाच बसला होता, तोंड रस्त्याकडे करून, टोपली मांडीवर, हात स्थिर.

पावसाळा संपताना तो गेला. कुठला तरी ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. मला प्राजक्ताने फोन करून कळवलं. ती त्याला भेटत असे, हे मला तेव्हा कळलं. अंत्यविधीला जायचं धैर्य झालं नाही. महिनाभराने गेलो. जेसिंताने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि आपुलकीही नव्हती.

"मागे एकदा येऊन गेलात म्हणे," ती म्हणाली.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी बाजारातून आले तर हे म्हणाले, सर आले होते. म्हटलं, चहा दिलात का? तर म्हणाले, नाय, मीटर वाचून गेले."

"आणखी काही म्हणाला?"

"मला मीटर बघून यायला सांगितलं. मी बघितला. म्हणाले, आकडा बरोबर सांगितलाय."

तिने रिकामा पेला उचलला आणि आत गेली. मी बराच वेळ तिथे बसून होतो. ती परत बाहेर आली नाही.

मला बोलायचं होतं ते फार लांबलचक नव्हतं. रिक्षात पाठ केलं होतं ते एवढंच. बावतीस, मी म्हात्रे. तुला दिसत नव्हतं हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच त्या दिवशी मी तुला पुढे बोलावलं. माफ कर.